गच्चीवरच्या मिरच्या

आम्ही मूळचे परभणीचे. जुन्नरला फ्लॅट घेतला, तिथल्या नव्या सोसायटीचे सेक्रेटरी डोळे मिटून, आरती म्हणावी तसे नियम सांगत. नियम सगळे भाडेकरूंसाठी होते. भाडेकरूंनी गच्ची वापरू नये, जिन्यात चपला काढू नयेत, पाहुणे मुक्कामी ठेवू नयेत. "मालक लोकांनी निवांत ऱ्हावं," असं ते म्हणत, आणि मलाही ते गोड वाटे.

एकदा तळमजल्यावरच्या भाडेकरू बाईंनी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या. सेक्रेटरी तरातरा वर आले. मी कपडे वाळत घालत होते, ती मुद्दाम रेंगाळले.

"जागा खाली करायची," ते डोळे मिटून म्हणाले. मग सवयीनं विचारलं, "गाव कोनचं?"

"लोणी."

"आन् आजोळ?"

"घोडेगाव."

डोळे उघडले. घोडेगावात कुणाकडची, हे विचारत ते मिरच्यांजवळ उकिडवे बसले. बाईंची मामी सेक्रेटरींच्या मावशीची नणंद निघाली. तोवर निम्म्या मिरच्या त्यांनी स्वतःच्या हातानं उलथवल्या होत्या.

"ह्या भाडेकरू न्हाईत, पावण्या हायेत," त्यांनी मला बजावलं. "तुमची दोरी काढा तेवढी. मिरच्यांवर सावली पडती."

"अहो, मी मालक आहे."

"फ्लॅट तुमचाच हाय, ताई. पन हितं तुमचं हाय कोन?"

त्यांनी अगदी कळवळून विचारलं होतं. मी ओले कपडे पुन्हा बादलीत भरले.