वकीलसाहेबांच्या टाळ्या

लोक त्याला भोंगा म्हणत. बायको तोंडावर तसं म्हणत नसे, "अहो" म्हणून वेळ मारून नेत असे, पण मनातल्या मनात तीही तेच म्हणत असणार. नाव धंद्यावरून पडलेलं. सभा, लग्नं, शाळांचे बक्षीस समारंभ, शोकसभा, जिथं म्हणून शंभर माणसांना एका माणसाचं ऐकून घ्यावं लागतं, तिथं माईक आणि कर्णे याचे. स्वतः मात्र इतका अबोल की दुकानात गिऱ्हाईक आलं तर नुसती मान वर करून पाहायचा. गिऱ्हाईकच बिचारं खजील होऊन बोलायला लागायचं. माईक तपासताना "हॅलो, एक, दोन" एवढं म्हणावंच लागतं, तेही हा असं म्हणे की जणू कुणाचं तरी चोरून आणलंय.

दुकान चपला शिवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मधल्या फटीत बसवलेलं. भिंतीला स्पीकरच्या पेट्या, खुंट्यांना वायरींची वेटोळी, टेबलावर बटणांनी भरलेला मिक्सर. मागे राहतं घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक कापडी पडदा, बस. त्यामुळे इकडचं तिकडे ऐकू जायचं आणि तिकडचं इकडे. तिकडचं जास्त.

अशा या माणसाचा जीव वकीलसाहेबांवर होता. वकीलसाहेब म्हणजे विरोधी पक्षाचे आमच्याकडचे पुढारी. त्यांच्याइतका सरळ माणूस राजकारणात कसा काय आला, हे त्यांच्या पक्षालाही कधी उमगलं नाही. भोंग्याच्या थोरल्या भावाचा हात कारखान्यात मशीनखाली गेला, तेव्हा कारखान्याने कानावर हात ठेवले होते. वकीलसाहेबांनी नऊ वर्षं तो खटला लढवला, वर भावाला कोर्टात न्यायला स्वतः घरी येत. जिना उतरताना त्याच्या राहिलेल्या हाताला धरून उतरवत. भोंगा हे विसरला नाही. त्याच्या मनात एकच इच्छा होती, हा माणूस एकदा निवडून यावा. देवाकडे स्वतःसाठी त्याने इतक्या चिकाटीने काही मागितलं नसेल.

आणि वकीलसाहेब होते की हरतच होते. तीनदा उभे राहिले, तीनदा पडले. कारण उघड होतं. ते भाषण करत नसत, कोर्टात युक्तिवाद करत. खिशातून कागद काढायचा, चष्मा लावायचा आणि "मुद्दा क्रमांक एक." लोकांचे डोळे दुसऱ्या मुद्द्याला जड होत आणि तिसऱ्याला मिटत.

एकदाच वेगळं झालं होतं. अठरा वर्षांपूर्वी बाटल्यांच्या कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी. फाटकासमोर कामगार बायकापोरांसह उभे, वकीलसाहेब बोलायला उठले आणि कागद घरीच राहिलेला. काय करतात! अकरा मिनिटं बोलले. घरी चूल कशी चालणार, पोरांच्या शाळेचं काय, म्हाताऱ्यांच्या औषधाचं काय. टाळ्या पडल्या त्या अशा की भोंग्याने माईकचा आवाज कमी केला तरी कर्णे थरथरत होते. सवयीने त्याने टेप चालू ठेवला होता. त्या टाळ्यांमध्ये, अगदी माईकजवळ उभी असलेली कुणी बाई दोनदा कोरडं खोकलेली ऐकू येते.

तरी त्यानंतरच्या निवडणुकीत ते पडलेच, कारण कारखान्याचं गाव सोडून बाकी सगळीकडे कागद खिशात होता.

पुढच्या निवडणुकीत एका गावी तीनशे खुर्च्यांवर चाळीस माणसं बसली होती. त्यातली दहा तरी सावलीला आली असावीत. दोन मुद्दे झाले आणि वकीलसाहेब थांबले. समोर पाहिलं. हातातला कागद हलायला लागला. बाजूला मिक्सरपाशी बसलेल्या भोंग्याने ते पाहिलं. या माणसाने भावाला जिना उतरवला होता, आणि इथं त्यांनाच धरायला कुणी नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बोलणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून, एक लहान पेटी ठेवलेली असते. कर्णे लोकांसाठी, ती पेटी फक्त बोलणाऱ्यासाठी. तिच्यात काय सोडायचं हे मिक्सरवाल्याच्या हातात असतं, आणि तिच्यातलं लोकांपर्यंत पोचत नाही. भोंग्याने ती फाटकावरची टेप लावली आणि पेटीत हळूच टाळ्या सोडल्या.

वकीलसाहेबांना वाटलं, मागच्या रांगांतल्याच टाळ्या पेटीतून येतायत. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. मान वर झाली, कागद हलायचा थांबला. तिसरा मुद्दा त्यांनी खणखणीत मांडला.

एकदाच, असं भोंग्याने स्वतःला बजावलं होतं. पण पुढच्या सभेला तोच कागद, तेच थांबणं, तोच चेहरा. तिथंही याचा हात गेला. मग जातच राहिला. टेपचा पेनड्राइव्ह झाला, वकीलसाहेबांचे केस पांढरे झाले, टाळ्या मात्र त्याच. खोकलाही तोच.

यात जे वाईट झालं ते भोंग्याच्या लक्षात यायला फार वर्षं लागली. वकीलसाहेब थकत ते तिसऱ्या मुद्द्याशी, म्हणून टाळ्या नेहमी तिथंच पडत. तिसरा मुद्दा म्हणजे चौकशी आयोग. सत्तेवरच्यांच्या प्रत्येक कामाची चौकशी करणारा आयोग नेमणार, त्याची रचना अशी, अधिकार असे. वकीलसाहेबांची खात्री पटली की लोकांना आयोग हवाय. दोन मिनिटांचा मुद्दा चार मिनिटांचा झाला, मग बारा मिनिटांचा. त्याला पोटमुद्दे फुटले. फाटकासमोर बोललेलं ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्याला त्यांच्या हिशेबी एकदाच टाळ्या पडल्या होत्या ना!

या वेळची निवडणूक मात्र वेगळी होती. सत्तेवरची मंडळी लोकांच्या मनातून पार उतरली होती. बस बंद, दवाखान्यात डॉक्टर नाही, नळाला दिवसाआड पाणी. लोक आपणहून विरोधकांच्या सभेला येऊन बसत होते, खुर्च्या कमी पडत होत्या. वकीलसाहेबांना जिंकायला डोंगर फोडायचा नव्हता. लोकांचं दुखणं लोकांना कुणीतरी बोलून दाखवायचं, एवढंच बाकी होतं.

भोंग्याची मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स. मागच्या दोन्ही वेळा तिने सत्तेवरच्यांना मत दिलं होतं आणि घरात तसं सांगितलंही होतं. पहाटेची बस बंद झाल्यापासून ती मोठ्या रस्त्यापर्यंत पाऊण तास चालत जायची. एका सकाळी बूट घालता घालता ती बापाला म्हणाली,

"बाबा, तुमचे वकीलसाहेब बोलतात काय हो ते! माझी बस बंद होऊन दोन वर्षं झाली. ते म्हणतात आयोग नेमू. आयोगात बसून ड्युटीला जाऊ का मी?"

"माणूस प्रामाणिक आहे."

"मी कुठं नाही म्हणते? पण ह्यांना आमचं काही माहीत तरी आहे का, ते कळू दे ना मला. तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा की."

"मी काय सांगणार."

"तेच तर. ह्या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही." बुटाची नाडी तिने करकचून ओढली. "शनिवारी शेवटची सभा आहे ना? मी येते. वॉर्डातल्या चौघींना आणते. त्या माझ्यासारख्याच आहेत, कुणाला द्यायचं ठरत नाही त्यांचं. एकदा ऐकून बघू."

ती गेली आणि भोंगा टेबलाशी बसून राहिला. पाच मतं. अशी पाच-पाच करत किती? आणि ती सगळी आपल्या एका बटणापाशी अडलीत, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा लख्ख दिसलं. लाज वाटली त्याला. इतकी वर्षं आपण या माणसाला सावरतोय असं तो समजत होता.

शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर व्यासपीठ होतं. सभेआधी वकीलसाहेब स्वतः मिक्सरपाशी आले.

"काय रे, तिसरा मुद्दा अजून थोडा वाढवू? लोकांना आवडतोय."

भोंगा एक वायर सारखी करत म्हणाला, "साहेब, बसचं बोललात तर…"

"बस येते ना. आयोगाच्या कक्षेत येते." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यामुळे धीर असतो बघ मला."

ते वर गेले. भोंग्याने पेनड्राइव्ह लावला खरा, पण पेटीचं बटण पार खाली ओढलं आणि हात मांडीखाली घेऊन बसला. आज टाळ्या नाहीत. आज त्यांना लोक ऐकू दे, काय व्हायचं ते होऊ दे.

मैदान भरलं होतं. खुर्च्या संपून माणसं भिंतीवर बसली होती. चौथ्या रांगेत पाच नर्सा, ड्युटीच्याच कपड्यांत. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. तिसरा सुरू झाला आणि ठरलेल्या वाक्याला वकीलसाहेब टाळ्यांसाठी थांबले.

काहीच नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. कुणीतरी जांभई दिली. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, आणि त्या शांततेत चौथ्या रांगेतून भोंग्याची मुलगी उभी राहिली.

"साहेब, आमची बस कधी सुरू करणार ते सांगा!"

"हां, बसचं सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं. "दवाखान्याला डॉक्टर कधी देणार?" "पाण्याचं बोला, साहेब!" मैदान जागं झालं. माणसं पुढे सरकली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ती विचारत होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच लोक वकीलसाहेबांना काहीतरी विचारत होते. बोला, साहेब, भोंगा पुटपुटला. कागद ठेवा आणि बोला.

वकीलसाहेब खाली वाकले. पायाशी असलेल्या पेटीवर त्यांनी दोनदा तळहात आपटला आणि माईकमध्येच म्हणाले,

"अरे भोंग्या, ही पेटी बंद पडलीय. मला लोक ऐकू येत नाहीत."

मैदानात हसू फुटलं. वकीलसाहेबांनी भोंग्याकडे पाहिलं. हातात तो कागद पुन्हा हलत होता. म्हातारा झाला होता माणूस, ओठ कोरडे पडले होते, आणि ते डोळे विनवत होते, अगदी उघड, सगळ्यांदेखत. भोंग्याला जिना आठवला. मांडीखालचा हात बाहेर आला आणि त्याने बटण वर सरकवलं.

पेटीतली बाई दोनदा खोकली.

"हां, आता येतंय," वकीलसाहेब म्हणाले. पाठ ताठ झाली. "तर, मुद्दा क्रमांक तीन, पोटमुद्दा दोन."

मुलगी थोडा वेळ तशीच उभी होती. मग बाकीच्या चौघी उठल्या, त्यांच्यामागून ती. भिंतीवरची माणसं उड्या मारून पलीकडे उतरली. वकीलसाहेबांनी सगळे पोटमुद्दे सांगितले, शेवटी हात जोडून बराच वेळ टाळ्या स्वीकारल्या.

निकाल लागला. वकीलसाहेब मागच्या वेळेपेक्षाही जास्त मतांनी पडले. लोकांच्या मनातून उतरलेल्यांनाच लोकांनी पुन्हा निवडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि एका पेटीवर बसले. घरी बसलं तर पक्षाची माणसं भेटायला येतात, आणि कुणी येत नाही ते तर आणखी वाईट, असं काहीसं म्हणाले. पडद्यामागे मुलगी चहा करत होती.

"एक सांग मला," वकीलसाहेब म्हणाले. "सगळ्या सभांना तू होतास. इतक्या टाळ्या पडत होत्या. मग मतं गेली कुठं?"

पेनड्राइव्ह टेबलावरच होता. भोंग्याने त्याच्याकडे पाहिलं, वकीलसाहेबांकडे पाहिलं. आयुष्यात बोलला नसेल इतकं तो एका दमात बोलला.

"लोकांचं काही खरं नाही, साहेब. तुमच्यासमोर टाळ्या वाजवतात आणि मत तिकडे टाकून येतात."

"मलाही तेच वाटत होतं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

पडदा सरकला. मुलीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"मी नव्हत्या वाजवल्या टाळ्या, साहेब. मी बसचं विचारलं होतं. चौथ्या रांगेतून."

"तू? कधी?" वकीलसाहेब गोंधळले. त्यांनी भोंग्याकडे वळून पाहिलं. "मला कसं काही ऐकू आलं नाही रे?"

मुलगीही बापाकडेच पाहत होती. भोंग्याने खुंटीवरचं एक वेटोळं काढलं, सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"पेटी बिघडली होती ना, साहेब."

"तरीच," वकीलसाहेब म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. "पुढच्या वेळी नवी आण एखादी. आणि आवाज जरा मोठा ठेव."