माझ्याविरुद्धची येळवस

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं एकट्यानं खोली घेतली की लोक आधी बायको कुठंय ते विचारतात. मी सांगतो, माहेरी, आणि तिनं बरंच केलं. खोली कळंबला, घरमालकाच्या मागल्या अंगाला. पंखे, मिक्सर दुरुस्त करतो, गोळ्या वेळेवर घेतो, भाकरी स्वतः थापतो. भाकरीच्या आकाराविषयी विचारू नका.

त्याआधीची काही वर्षं बेंबळीला दादाच्या घरी गेली. वहिनी गोळी तळहातावर ठेवायची आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावायची. तिचंही चूक नव्हतं. टीव्हीतून कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय म्हणून मी दादाचा टीव्ही पार सुटा केला होता, आणि दुरुस्तीवाला असून तो मला परत जोडता आला नाही. म्हणून दादानं कळंबला पाठवताना अट घातली: संशय आला तर आधी मला विचारायचं. न विचारता काही करून बसलास, तर खोली बंद आणि सामान बेंबळीला. म्हणजे भरवशाचा माणूस तोच आणि खोली काढून घेणाराही तोच. ही व्यवस्थाच मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आली आहे.

थंडीचे दिवस होते. मालकीणकाकू दोन-तीन दिवस फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. मी नळावर गेलो की बोलणं थांबायचं. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. मी दिवा मालवला आणि श्वास रोखून पडून राहिलो. घरात कुणी नाही असं त्यांना वाटावं, ही योजना. रेडिओवर मोठ्यानं बातम्या चालू होत्या, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी उठलो तर मालकांच्या घराला कुलूप. गल्लीत माणूस नाही. चहाची टपरी बंद, किराणा बंद, गिरणी गप्प. चौकात एक कुत्रं होतं, तेही मला बघून उठून गेलं. एका माणसाला धरण्यासाठी अख्खं गाव रिकामं करायचं म्हणजे मोठंच डोकं लागलं असणार. मी घाबरलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, आपला भाव एवढा वाढलाय याचं जरा बरंही वाटलं.

खोलीत येऊन कडी लावली, तिला मिक्सरची वायर गुंडाळली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि मालकांची हाक आली, "भाऊ, चला. न्यायला आलोय."

पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हाही सगळे असेच गोड बोलले होते. मी मागच्या खिडकीत चढलो. एक पाय बाहेर गेला आणि पोट अडकलं. मला पुढंही जाता येईना, मागंही येता येईना. खिशातला फोन तेवढा हाताला लागत होता. तसाच अडकून मी दादाला फोन लावला.

"दादा, गावातली माणसं कुठं गेली?"

तिकडं नुसता वारा. मला माझं सामान बेंबळीच्या ओसरीवर दिसायला लागलं.

"येड्या, येळवस हाय आज. समदे रानात हायती."

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुणी थांबत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी उभारायची, पूजा करायची, मिसळ भाज्यांची भज्जी खायची, ताकातली आंबील प्यायची आणि दिसेल त्याला बोलावून वाढायचं. लहानपणापासून पाळलेला सण मी विसरलो, कारण बेंबळीत दरवर्षी कुणीतरी मला उठवून ट्रॅक्टरमध्ये बसवत असे.

"संशय आला व्हता का?" दादानं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. "आला व्हता. अजून बी हाय. एक पाय खिडकीभाईर हाय."

दादा म्हणाला, "पर उडी मारायच्या आदी इचारलंस. पाय आत घे अन् जेवाय जा. खोलीचं म्या काय बोलत न्हाय."

पोट आत ओढून कसाबसा खिडकीतून सुटलो, पण कडीची वायर सोडायला मला इतका वेळ लागला की मालकांनी दारात तंबाखू मळून खाल्ली.

रानात काकूंनी भज्जी वाढली. वाढता वाढता सहज म्हणाल्या, तुमच्या दादाचा फोन येत होता, तुम्हाला संगं न्या म्हणत होते, सांगायला आले तर तुम्ही दार उघडेनात. म्हणजे कुजबुज माझ्याविषयीच होती. डॉक्टरांना हे सांगायला हवं.

मग आंबिलीचा तांब्या माझ्याकडं आला. सगळे आपापली आंबील पिईपर्यंत मी तो नुसता हातात धरून बसलो. काकू बघत होत्या. त्यांनी माझ्या हातून तांब्या घेतला, वरून एक घोट प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या परत दिला.

लई आंबट होती. तरी प्यालो.