अर्ध्यावर सोडलेला कौल

तुम्हीच पहिले. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, मुलीला नाही, रोज शेजारी बसून काम करणाऱ्यांना तर नाहीच. सांगायचं म्हणून मागेही दोन-तीनदा बसलो होतो — मग चहा प्यायला उठलो, आणि राहून गेलं. आज उठायचं नाही असं ठरवलंय. बघू.

रत्नागिरीत मला ओळखणारे लोक माझी एक गोष्ट सांगतात. बँकेतली अधिकाऱ्याची नोकरी, पक्की, बढती तोंडावर आलेली — आणि या माणसानं ती सोडली. मांडवीला भाड्याच्या जागेत गतिमंद मुलांसाठी कार्यशाळा काढली. मुलं कसली, तिशी-चाळिशीची माणसं. अठराव्या वर्षी शाळा संपते, आणि मग ती आयुष्यभर पडवीत बसून राहतात. आमच्याकडे ती अगरबत्त्या वळतात, कागदी पिशव्या चिकटवतात, कोकमाचं आगळ बाटल्यांत भरतात. गोष्टीतलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच तर ती इतकी टिकली ना?

नोकरी का सोडली, तेही खरंच सांगतो. मयेकरकाका बँकेत पेन्शन काढायला यायचे, मुलाला हाताला धरून. मुलगा, गणेश, त्यांच्यापेक्षा हातभर उंच. एकदा काका म्हणाले, "साहेब, मी गेल्यावर ह्याचं काय?" त्या महिन्यात माझं विम्याचं टार्गेट अपुरं होतं. मी त्यांना एक पॉलिसी दिली — त्यांच्या काही कामाची नव्हती ती, मला माहीत होतं. त्यांनी न वाचता सही केली. गणेश माझ्याकडे बघून हसत होता. त्या दिवसापासून खुर्चीत बसवेना. विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी आता खोटं बोलायचं नाही, असं मी मनाशी म्हटलं. याच शब्दांत म्हटलं. लक्षात ठेवा.

वैशालीला — माझ्या बायकोला — सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मुलगी शाळेत होती, वैशालीचं स्वतःचं बी.एड. त्या जूनपासून सुरू व्हायचं ठरलेलं. शिक्षिका व्हायचं होतं तिला. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, मला काय कळतंय त्यातलं? गावी जा. देवीला विचारा. उजवा दिलान तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. आणि डावा दिलान तर तुम्ही काढायचा नाही."

कौल म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नाही. लग्नं, जमिनी, आजारपणं — घराघरांतले किती प्रश्न तिथे सुटलेत. माझा विश्वास नव्हता. देवळात जायचो ते वैशालीची पिशवी धरायला. मनात म्हटलं, बरं झालं, स्वस्तात सुटलो.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठी. मंगळवारी सकाळी गेलो. नारळ ठेवला. गुरवांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं — "हे तुजं लेकरू नोकरी सोडतंय, भलं असंल तर उजवा दे" — आणि आम्ही बसलो. काहीच पडेना. बराच वेळ गेला. गाभाऱ्यात पाणी ठिबकत होतं. आणि मग मला दिसलं, की डावी कळी जरा खाली सरकली. सरकली का? की मला तसं वाटलं? पण मी घाबरलो. विश्वास नसलेल्या माणसानं का घाबरावं, सांगा.

मी उठलो. म्हटलं, एसटी चुकेल.

गुरव हसले. "अरे, देवी काय तुज्या बँकेतला शिपाय हाय, बेल मारली की धावत येल? बस खाली."

मी चपला घालत होतो.

तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. "कौल असा अर्ध्यावर टाकून जाऊ नये रे. फुडच्या मंगळवारी तरी ये."

नाही गेलो. पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गुरव गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. म्हणजे देवी काय म्हणाली असती, ते मला आजही माहीत नाही. डावा आला आणि मी तो लपवला, असं असतं तर निदान काही तरी हातात असतं.

घरी आलो तर वैशाली उपाशी बसलेली, देवापाशी निरांजन लावून. तिनं विचारायची वाट न बघता मी म्हणालो, "उजवा."

एक शब्द. तिनं उठून माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली.

इथेच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चालायचंच, माणूस आहे. पण जे सांगायचंय ते अजून आलेलंच नाही. मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

बी.एड. राहिलं, ते अर्थातच. तिनं घरून डबे द्यायला सुरुवात केली — पहाटे उठून भाजी चिरायची, दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी. फ्लॅटचं बुकिंग सोडलं. पावसात अगरबत्त्यांचा अख्खा माल दमटला आणि परत आला, तेव्हा तिनं पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. तिचे ओठ हलले. मग ती देवघराकडे बघून आत गेली. ती भांडण गिळते आहे, हे मला कळत होतं. आणि मला — लिहितोच — मला बरं वाटलं. हायसं वाटलं.

शब्दाला पक्की ती. शेजारणी आपल्या नवऱ्यांना झापायच्या, आम्हाला हसू यायचं. आमच्या घरात कधी आवाज चढला नाही. लोक म्हणायचे, काय समजूतदार बाई मिळाली! मी मान डोलवायचो.

फक्त एकदा. मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता आणि आम्ही पाठवू शकत नव्हतो, त्या दिवशी. वैशाली बाहेरच्या खोलीत आली, हात पदराला पुसत, आणि म्हणाली, "अहो, पुरे झालं आता हे —"

मी पेपरातून मान वर केली. शांतपणे म्हणालो, "देवीनं उजवा दिलाय ना?"

हेच ते.

घाबरून एकदा बोललेलं खोटं नव्हे हे. देवीपुढे कधी मनापासून हात न जोडलेल्या माणसानं, तिच्या देवीचा हात तिच्याच तोंडावर ठेवला. विचार करून ठेवला. ती आत वळली. "खरंच, चुकले," असंही म्हणाली. काम चांगलं चालावं म्हणून केलं का मी ते? नाही. मला वाद नको होता. वादात मी हरलो असतो, कारण तिचं बरोबर होतं.

काम पुढे चाललं. मयेकरकाका गेले, गणेश अजून येतो, पिशव्यांच्या कडा त्याच्याइतक्या सरळ कोणाला जमत नाहीत. हे मी तराजूत टाकायला सांगत नाही. तिच्या वर्षांचा तराजू माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात इथल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. वैशालीलाही शाल दिली आणि चार शब्द बोलायला लावले. ती माइकपासून लांब उभी राहून म्हणाली, "मी काही केलेलं नाही हो. देवीनं उजवा दिलान, म्हणून गप्प बसले. नायतर ह्यांना घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं!" सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगी घरी आली होती. दोघी आत बांगडे साफ करत होत्या, मी बाहेर बसलो होतो. मुलीनं विचारलं, "आई, खरंच तुला कधी बाबांशी भांडावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"मग?"

"मग काय? भांडू कोणाशी — देवीशी?" आणि ती हसली. मोकळं हसली, कसलाही राग नसलेलं.

माझ्यात आणि तिच्यात दाराचा एक पडदा होता. मी पेपर धरून बसून राहिलो. पान उलटलं.