दिवसाढवळ्या गोष्ट

शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर बसले होते आणि समोर सगळा वर्ग कानांत बोटं घालून बसला होता. फळ्यापाशी माझी विद्यार्थिनी यमुना उभी. तिच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं होतं, "एक होतं मडकं."

लढाईच्या धास्तीने आमचं ट्रेनिंग कॉलेज मुंबईहून कर्जतला हललं होतं. प्राथमिक शाळांच्या होणाऱ्या शिक्षिका तिथे शिकत. मी त्यांना बालवाङ्मय शिकवायची. कोणत्या वयाच्या मुलाला कोणती गोष्ट द्यावी आणि ती कशी सांगावी, हा माझा विषय. तो नवा होता आणि प्रिन्सिपॉलबाईंना मुळीच पटत नव्हता.

"गोष्टी सांगायला कॉलेज कशाला?" त्या म्हणत. "त्या तासाला शिवण घ्या. निदान परकर तरी होतील."

शेवटी ठरलं, की इन्स्पेक्टरसाहेबांनी एक नमुना पाठ पाहावा. नमुना पाठ म्हणजे विद्यार्थिनीने खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांना, परीक्षकासमोर दिलेला धडा. पाठ रंगला तर तास राहील, नाहीतर शिवण. मला शिवण येत नव्हतं. म्हणजे तास गेला की मीही गेले.

पाठ कर्जतजवळच्या कळंब गावातल्या शाळेत ठेवला होता. साहेबांचा टांगा वेळेवर आलाच नाही. बऱ्याच उशिराने आला तेव्हा घोडा फेसाळलेला आणि साहेबांच्या टोपीवर गवत. टांगेवाला भलत्याच फाट्याला वळला होता. ते उतरताच मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. मी दुर्लक्ष केलं. यमुनाने सुरुवात केली आणि लगेच सगळी बोटं कानांत गेली.

"काय झालं रे?" मी विचारलं.

पहिल्या रांगेतल्या ठकीने एका कानातलं बोट काढलं. "बाई, दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हनतात. सकाळी ह्या बाई चिंचेखाली गोष्ट म्हनत व्हत्या. मंग बगा, सायेब चुकलं का नाय?"

यमुना सकाळी झाडाखाली पाठाची तालीम करत होती, हे खरं होतं.

"अगं, पण साहेब तुमचे मामा आहेत का?"

"कोनाचं तरी असतील!"

साहेबांनी टोपीवरची काडी काढली. "आहे खरा," ते गंभीरपणे म्हणाले. "बहिणीला तीन मुलं आहेत."

वर्गाने पुरावा मिळाल्यासारखा सुस्कारा सोडला. मागून एकजण ओरडला, "आन् माजा मामा आज खालापुरासनं निघालाय! त्याचं काय?"

मी यमुनाला बाजूला घेतलं. ती खालापूरकडचीच. "तुला हे ठाऊक होतं?"

"हो बाई. आमच्याकडेही दिवसा सांगत नाहीत."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"सिलॅबसमध्ये नव्हतं."

मी वर्गाकडे वळले. "रात्री सांगितली तर चालते?"

"चालंल की!"

"मग रात्र करू. घरून घोंगड्या आणा."

वर्ग पाखरांसारखा उडाला. बघता बघता घोंगड्या आल्या, गोणपाटं आली, एकाने आजोबांच्या अंगावरचीच ओढून आणली. मागोमाग आजोबा शिव्या देत आले आणि गोष्ट आहे म्हटल्यावर दाराशी बसले. आम्ही खिडक्या झाकल्या, दार लोटलं, कंदील लावला. घोंगड्यांना शेळ्यांचा वास येत होता. साहेब सटासट शिंकत होते.

"साहेब, बाहेर बसता का?" मी विचारलं.

"छे! मधेच उठलो तर परत चुकायचो."

कौलात एक भोक होतं. तिथून उजेड येत होता. मी म्हटलं, आता हे कशाने बुजवायचं? ठकीने वर पाहिलं. "ऱ्हाऊ द्या बाई. ती चांदनी हाय."

"एक होतं मडकं," यमुना म्हणाली. "त्याला पाण्याची भारी भीती."

"हूं!" सगळा वर्ग म्हणाला.

हा हुंकार. ऐकणाऱ्याने तो दिला नाही तर आपल्याकडे गोष्ट पुढे सरकत नाही. मी वर्गात याला 'श्रोत्यांचा सहभाग' म्हणून शिकवत असे. इथे तो न शिकवता आला. मडकं कुंभाराकडून पळालं, हूं. उतारावरून गडगडत निघालं, हूं. नेमकं विहिरीच्या काठावर येऊन डुगडुगायला लागलं. इथे यमुना थांबली. थांबायचं हे मीच शिकवलं होतं, पण इतकं लांब नव्हे. ती पुढचं विसरली होती.

अंधारातून जाड आवाज आला, "हूं! पुढे?"

तो साहेबांचा होता. सगळा वर्ग खिदळला, आजोबांसकट. यमुनालाही हसू फुटलं आणि हसता हसता पुढचं आठवलं. मडकं विहिरीत पडलं, भरलं आणि त्याला कळलं की आपण फुटलो नाही. मुलांनी इतका गलका केला की एक घोंगडी खाली आली आणि भर रात्री ऊन पडलं.

"बाई, आटपा!" ठकी किंचाळली. "दिवस उगवला!"

निघताना सगळी मुलं टांग्याबरोबर कर्जतच्या वळणापर्यंत धावली. साहेबांना एकटं सोडायला ती तयार नव्हती. खालापूरचा मामा मात्र संध्याकाळी बरोबर पोचला, असं नंतर कळलं.

तास राहिला. प्रिन्सिपॉलबाईंनी कारण विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "शिवणाच्या तासाला मी कधी 'पुढे काय' असं विचारलेलं नाही."

पुढच्या वर्षीपासून माझ्या विद्यार्थिनी कुठल्याही गावात गेल्या की गोष्ट निवडण्याआधी एक प्रश्न विचारत : इथे ती केव्हा सांगतात? आणि सामानात दोन घोंगड्या नेत. धुतलेल्या.