मामांचा फेटा आणि बुधवारचं डिफ्रॅग

लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात काही वर्षं काढलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, कुठेतरी थांबवावे लागतात. माणसं सगळ्यात जास्त भांडतात लग्नात, आणि त्याचं शूटिंग करायला स्वतः हौसेने माणूस बोलावतात! नारायणगावात अण्णांच्या स्टुडिओत मी मिक्सिंगला होतो. मिक्सिंग म्हणजे शूटिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि नवरा-नवरीला बदामात बसवून काश्मीरला पाठवायचं. सगळं सांगत बसलो तर तुम्ही चहा पिऊन निघून जाल, म्हणून एकाच लग्नाचं सांगतो.

* * *

लग्न बेल्ह्याचं, वैशाखातलं. नवरीची आई हिराताई, आणि तिचा सख्खा भाऊ कोंडाजी जवळच्याच आणे गावचा. नवरीचे मामा म्हणून आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो.

मामांचं म्हणणं असं, की मांडवात लाउडस्पीकरवर नावं पुकारून सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले, वऱ्हाडाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरलासुद्धा बांधला, फक्त नवरीच्या मामाला बांधला नाही. हिराताईचं म्हणणं, पहिला फेटा त्यालाच, आणि तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधला. मामा भरल्या पंगतीतून उठून गेले ते बहिणीच्या दारात पुन्हा आलेच नाहीत.

दिवाळी जवळ आल्यावर हिराताई स्टुडिओत आली. "कॅसेट भाऊबीजेच्या आत द्या," ती म्हणाली. "त्याला दावते, म्हंजे तरी येईल. मला येकच भाऊ हाय." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, मलाही कसंतरी झालं.

अण्णांनी लगेच शब्द दिला. शब्द ते लगेचच द्यायचे, वेळ लागायचा तो कॅसेट द्यायला. नवरीला बाळाच्या बारशाच्या आत लग्नाची कॅसेट मिळाली, तर आमच्याकडे त्याला अर्जंट काम म्हणत.

* * *

आता तुम्ही म्हणाल, मूळ टेप लावून दाखवायची. ती टेप होती ना! फक्त तिच्यावर अण्णांनी पुढच्याच आठवड्यात दुसरं लग्न घेतलं होतं. कॉम्प्युटरवर उतरवलं की टेप मोकळी, ही त्यांची काटकसर. त्यामुळे बेल्ह्याचं लग्न आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आमच्या हार्ड डिस्कवर.

डिस्क तुडुंब भरलेली. लग्नाची फाइल तुकड्यातुकड्यांनी जिथे जागा सापडेल तिथे पडलेली. फाइल लावली, की चित्र बरोबर फेट्यांपाशी अडकायचं. मामा टोपी हातात घेऊन पुढे येतायत, इथे सगळं थांबायचं, आणि मग एकदम उडी मारून आइस्क्रीमवर जायचं.

मी अण्णांना सांगितलं, डिफ्रॅग करावं लागेल. विखुरलेले तुकडे उचलून कॉम्प्युटर ते एकापुढे एक लावतो. त्याला तासन् तास लागतात, म्हणून वेळ ठरवून देऊ, आपोआप सुरू होईल. अण्णांना त्यातला 'आपोआप' तेवढा आवडला.

पण तुकडे हलवायला आधी डिस्कवर थोडी रिकामी जागा लागते. मी म्हटलं, काहीतरी पुसूया. अण्णा यादी वाचून हैराण झाले. सगळी लग्नं, आणि एकाचीही कॅसेट दिलेली नाही.

शेवटी एका पोराचा पहिला वाढदिवस सापडला. "हा पुस," अण्णा म्हणाले. "लग्न एकदाच व्हतं, वाढदिवस दर वर्षी येतोय." त्या पोराच्या बापाला त्यांनी नंतर समजावलं, की पहिल्या वाढदिवसाला पोरगं नुसतं रडतं, दुसऱ्याचं झकास काढू.

* * *

मी डिफ्रॅग रात्रीचं लावलं, स्टुडिओ बंद असताना. सकाळी येऊन बघतो तर काहीच झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कळलं, की अण्णा घरी जाताना उदबत्ती लावतात, नमस्कार करतात आणि मेन स्विच पाडून जातात.

मी म्हटलं, लाइटच बंद केल्यावर ते चालणार कसं?

अण्णा माझ्याकडे फसवणूक झाल्यासारखे बघत राहिले. "आपोआप म्हणला व्हतास ना? मंग त्याला लाइट कशाला लागती?"

* * *

म्हणून दिवसाची वेळ शोधायची ठरली. भारनियमनाचा तो काळ. कोणत्या वारी किती ते किती लाइट जाणार याचं वेळापत्रक निघायचं, आणि लाइट सोडून सगळे ते पाळायचे. अण्णांनी ओळखीच्या वायरमनला चहा पाजून विचारलं, खरी वेळ सांग.

वायरमन प्रामाणिक माणूस. "बुधवारी दुपारी शक्यतो जात न्हाई," तो म्हणाला. "पर गेली तर माझं नाव घ्यायचं न्हाई."

एवढी खात्री आम्हाला कुठल्याच खात्याने दिली नव्हती. दर बुधवारी दुपारी दोन वाजता, असं मी कायमचं लावून टाकलं. लाइट टिकली. दोन वाजता डिफ्रॅग आपोआप सुरू झालं, स्क्रीनवर रंगीत चौकोन इकडून तिकडे पळायला लागले. बाहेर रस्त्यावर जीपची वाट बघणारे लोक आत येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, मॅच कोणाची आहे?

थोडं पुढे गेलं, आणि खंडोबा आला.

म्हणजे स्क्रीनसेव्हर. अण्णांनी हौसेने बसवून घेतला होता. कॉम्प्युटरला जरा वेळ हात लावला नाही, की देव प्रकट व्हायचा, घंटा वाजायची, भंडारा उधळला जायचा. आणि स्क्रीनसेव्हर आला की डिफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, हा बंद करू. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"देव बंद करू म्हणतोस? दिवाळीच्या तोंडावर?"

* * *

आमचा प्रश्न सोडवला खुद्द मामांनी. बहीण स्टुडिओत जाऊन बसते, काहीतरी फेरफार करून घेईल, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं. पुढच्या बुधवारी मामा पहारा द्यायलाच आले. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची घेतली आणि म्हणाले, "मी हितनं हलणार न्हाई."

अण्णांनी त्यांच्या हातात माउस दिला. मधूनमधून हलवत राहा, म्हणजे तुमच्या नजरेआड काही होणार नाही, असं बजावलं. मामा दुपारभर इमानदारीने माउस हलवत बसले. पहारेकरी म्हणून आलेला माणूस अण्णांनी बिनपगारी ऑपरेटर केला!

चौकोन पळताना बघून मामांनी विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, जे भलतीकडे पडलंय ते उचलून जागेवर ठेवतंय. ते हं म्हणाले. मग भिंतीवर समोरच कॅलेंडर टांगलेलं असताना मला म्हणाले, "भाऊबीज कंच्या वारी आली रं?" मी वार सांगितला. ते पुन्हा माउस हलवायला लागले.

संध्याकाळी डिफ्रॅग पूर्ण झालं.

* * *

भाऊबीजेच्या सकाळी हिराताई नवं लुगडं नेसून आली. मामाही आले. नारायणगावात सहज काम होतं, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. बाजार बंद, दुकानं बंद, काम कुठलं कोण जाणे.

मी फाइल लावली. यावेळी चित्र कुठेही अडकलं नाही. लाउडस्पीकरवर नवरीच्या मामाचं नाव पुकारलं गेलं. मामा टोपी हातात घेऊन पुढे आले, दाजींनी त्यांना फेटा बांधला, तुरा सारखा केला, आणि मामा कॅमेऱ्याकडे बघून हसलेसुद्धा.

हिराताईने पदर तोंडाशी धरला होता. तिने भावाकडे बघितलं नाही, बघायची तिला भीती वाटत असावी.

मामांनी स्क्रीनवरच्या फेट्यावर बोट ठेवलं.

"हे असं नव्हतं," ते म्हणाले. "ह्यो फेटा त्या डायवरच्या डोक्यावर व्हता. मी सोता हितं बसून बघितलंय, मशीन हिकडचं उचलून तिकडं ठिवत व्हतं. तवाच आणून ठिवलाय माझ्या डोक्यावर."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

हिराताई उठली. "कुनी का ठिवंना," ती म्हणाली. "आता तुझ्या डोक्यावर हाय का न्हाई? मंग चल घरला. ताट करून आलीय मी."

मामा उठले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे दर बुधवारी आपोआप हलवाहलवी करतंय ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग ते बंद कर आदी. फेटा पुन्हा सरकायला नको."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा छताकडे बघत होते. मी वेळापत्रक उघडलं आणि बुधवारचं डिफ्रॅग मामांच्या देखत पुसून टाकलं. ओळ गेल्याचं त्यांनी वाकून बघितलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बहिणीला म्हणाले, "चल, उशीर व्हतोय."