ज्ञानदेवची चौदा वर्षांची ड्यूटी

केसरबाईचा नवरा चौदा वर्षं चाकणच्या कंपनीत ड्यूटीला जात होता आणि त्यातल्या एकाही दिवशी तो रहाटणी सोडून गेला नव्हता.

झालं असं की, २०११ साली ज्ञानदेवला कंपनीत लाइनवर काम करताना फोरमनचा आवाज ऐकू यायला लागला. फोरमन रजेवर असला तरी तो आवाज यायचा. आवाज शिव्या घालायचा, ज्ञानदेव सव्याज परत करायचा. शेवटी नोकरी गेली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. केसरबाईला तो शब्द उच्चारता येईना, पण गल्ली त्याचं काय करील ते ती जाणून होती. गल्लीतल्या बुद्धविहारातली माणसं भूतबाधा मानत नव्हती, अंगाऱ्याचं नाव काढलं तर रागावायची. पण वेडा म्हणायला विज्ञाननिष्ठा कुणाच्या आड येत नाही. माझ्या माणसाला कुणी वेडा म्हणायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. शेजारच्या चिमाबाईनं विचारलं, "भाऊ दिसत न्हाईत?" तेव्हा ती बोलून गेली, "थर्ड शिफ्ट हाय."

एक शिफ्ट सांगितली की दुसरी आलीच. तिनं कॅलेंडरवर फर्स्ट, सेकंड, थर्ड लिहून ठेवलं. दिवसाआड युनिफॉर्म धुऊन गॅलरीत वाळत घालायची. न घालताच तो धुऊन धुऊन विरला, म्हणून नवा शिवला. गोळ्यांनी ज्ञानदेवला बरं वाटू लागलं, तशी पंचाईत वाढली. त्याला काळेवाडी फाट्यावर चहा प्यायला जावंसं वाटे.

"आज मी कुठल्या शिफ्टला हाय?" तो दारातून विचारी.

"फर्स्ट. साडेतीनपर्यंत खिडकीत पण यायचं न्हाई."

असा तो धडधाकट माणूस साडेतीन वाजेपर्यंत मोरीजवळच्या खोलीत कंपनीत असायचा. पुढं चिमाबाईच म्हणाली, एवढी वर्षं झाली, साहेब झाले असतील. केसरबाईनं नाइलाजानं त्याला सुपरवायझर केलं. लोक पोरांचे बायोडाटा आणून देऊ लागले.

आणि मग ज्ञानदेव अठ्ठावन्नचा झाला. आता रिटायर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विहार समितीचे धम्मरत्न सर पेढे घेऊन आले, "जय भीम! वर्धापनदिनाला भाऊंचा सेवापूर्ती सत्कार. स्मरणिकेत दोन पानी परिचय टाकू."

परिचय लिहायचा होता लेकीनं, अंजलीनं. ती हिंजवडीत नोकरीला. तिनं एका बैठकीत सगळं खरं लिहून काढलं. आवाज, गोळ्या, युनिफॉर्म, सगळं.

केसरबाईनं कागद हिसकावला. "लाज काढतीस का बापाची?"

"आई, खोटं लिहायला मला सुपरवायझर काय करतो तेसुद्धा माहीत नाही."

"मग सुपरवायझर होते एवढंच लिही!"

ज्ञानदेवनं दोघींच्या मधून कागद उचलला, चष्मा लावून वाचला, घडी घालून खिशात ठेवला. केसरबाईला चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

सत्काराच्या दिवशी त्यानं माइक हातात घेतला आणि कागद उघडला. केसरबाई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

"मी चौदा वर्षं कामाला गेलो नाही," ज्ञानदेव वाचू लागला. "माझ्या डोक्यात आवाज येतात. आजार आहे, रोज गोळी घेतो. आत्ताही फोरमन म्हणतोय, खाली बस. पण मी पुरं वाचणार आहे."

आणि त्यानं दोन्ही पानं वाचली. धम्मरत्न सरांच्या हातात शाल होती, तिचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती ज्ञानदेवच्या अंगावर घातली. कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्याचीच वाजतेय म्हणून थांबवली.

केसरबाई खाली बघून 'वेडा' हा शब्द कुठून येतोय याची वाट पाहत होती. मागून खुर्ची सरकली. चिमाबाई होती. तिचा थोरला, सयाजी, गुजरातेत ट्रेनिंगला आहे, असं ती चार वर्षं साऱ्या गल्लीला सांगत होती.

"केसर," ती कानाशी लागली, "तुझा त्यो डॉक्टर कुठं बसतो गं? आमचा सयाजी गुजरातेत न्हाई. मागच्या खोलीत हाय."

केसरबाईनं वळून तिचा हात धरला. "सकाळधरनं काही खाल्लंय का त्यानं?" तिनं विचारलं.