गल्लीचा ई-मेल पत्ता

अनगोळातल्या आमच्या गल्लीत कुणी कसलाही फॉर्म भरला, की ई-मेलच्या रकान्यात भावकूअण्णांचाच पत्ता पडायचा. अण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्लार्क. कामगारांची हजेरी लावता लावता ते कॉम्प्युटर शिकले आणि २००९ साली गल्लीतला पहिला ई-मेल त्यांचा झाला. तेव्हापासून पोरांची हॉल तिकिटं, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे कागद, जमिनीचे उतारे, सगळं त्यांच्याकडं यायचं. कामावरून आले की ते दारात उभं राहून हाक मारायचे, "युवराज, तुझं आलंय रं!"

गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या नीलमनं नर्सिंगचा कोर्स संपवून पुण्याच्या एका हॉस्पिटलात अर्ज केला. पत्ता अर्थातच अण्णांचा. एका शनिवारी अण्णा चहा घेत बसले होते, तेवढ्यात ती धापा टाकत आली.

"अण्णा, पुण्याहून फोन आलता. मुलाखतीचं पत्र तीनदा धाडलं, तीनदा परत गेलं म्हणत्यात. तुमची मेलची पेटी भरलीया."

"भरलीया म्हंजे?"

"पंधरा जीबी जागा संपली. त्यांचं ऑफिस सातला बंद हुतंय. त्याच्या आत अर्जातल्याच पत्त्यावर अजून एकदा धाडतो म्हणाले."

सव्वापाच झाले होते. अण्णांनी चहा तसाच ठेवून कॉम्प्युटर लावला. दुकानांच्या जाहिराती हजारोंनी पुसल्या, तरी जागा होईना. मग नीलमनं सगळ्यांत मोठे मेल आधी दिसतील असं लावलं. ते सगळे गल्लीतल्या लोकांचे स्कॅन केलेले कागद होते. ती पुसायला निघाली, तसे अण्णा म्हणाले, "थांब गं. हे माझं न्हाय. इचारल्याबिगर कसं पुसायचं?"

आणि घड्याळ पळत असताना ते एकेकाला फोन लावत बसले.

युवराजची सैन्यभरतीची चार प्रवेशपत्रं होती. चारही वेळा तो छातीच्या मापात मागं पडला होता. आता त्याचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. फोनवर तो हसून म्हणाला, "पुसा की अण्णा. आता त्यांनी बोलावलं तरी मला येळ कुठं हाय?"

मालुबाईंचा अंगणवाडीत मदतनीस म्हणून केलेला अर्ज होता. ती नोकरी काही त्यांना मिळाली नव्हती. घर चार पावलांवर, म्हणून त्या स्वतःच आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"ही माझी सही. तवा नुकतीच शिकल्याली. त्याच्या आधी अंगठाच हुता. हे नका पुसू, अण्णा."

अण्णांनी त्या कागदाची प्रत छापून त्यांच्या हातात दिली आणि मगच मेल पुसला.

साडेसहापर्यंत चारशे मेल गेले. जागा मात्र होती तेवढीच भरलेली. नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवरची ओळ न ओळ वाचायला घेतली.

"हे ट्रॅश काय म्हणतंय? पुसलेलं सगळं हितंच साठलंय की! भंगार आवारातच पडून असलं तर जागा कशी मोकळी हुईल?"

कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. अण्णांनी सगळ्यांना विचारून घेतलंच होतं. त्यांनी बटण दाबलं. नीलमनं पुण्याला फोन लावला आणि सातला आठ मिनिटं कमी असताना पत्र आलं. मंगळवारी मुलाखत!

ती आनंदानं घरी पळाली, पण अण्णा तिथंच बसून राहिले. "माझ्यापायी पोरीची नोकरी गेली असती," ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं आणि ज्याचा त्याचा ई-मेल काढून दिला. बावीस जणांचे झाले. संध्याकाळी त्यांची बायको जयाबाई म्हणाली, "आता तुमच्या दारात कोण येतंय बघा!"

पंधरा दिवसांनी नीलमला नियुक्तीपत्र आलं, तिच्या स्वतःच्या पत्त्यावर. मोबाईल उंच धरून ती अण्णांकडं धावली. तिथं तिघं पासवर्ड विसरून आलेले होते. अण्णांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "वाच, नीलम. मोठ्यानं वाच."